आबांची जीभ

घरातून खाद्याचं पोतं बाहेर पडायचं, तर ते आधी आबांच्या जिभेवरून गेलं पाहिजे, असा त्या घराचा रिवाज होता. रिवाज आबांनीच पाडलेला आणि पंचवीस वर्षांत तो मोडायची कुणाची छाती झाली नव्हती. पोतं भरून झालं की आबा ओट्यावर येऊन बसायचे, तांब्यातल्या पाण्याने खळखळून चूळ भरायचे, पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली चिमूट वर काढायचे आणि जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. पोतं न्यायला आलेला माणूस तोवर समोर गुपचूप उभा. मग आबा दाणे बाजूला थुंकायचे आणि 'शिवा' किंवा 'थांबा' यांतला एक शब्द बोलायचे. 'शिवा' म्हटलं की लेक दाभणाने पोत्याचं तोंड शिवून टाकायचा. 'थांबा' म्हटलं की लेकाचा चेहरा पडायचा, कारण मग अख्खं पोतं भिजवून, नवा भुगा घालून पुन्हा साच्यातून दाबून काढावं लागे. पोत्याच्या दिवशी आबा मिरचीला शिवायचे नाहीत, चहासुद्धा फिका घ्यायचे.

हे दाणे काही माणसांनी खायचे नव्हते. काचेच्या पेटीत शोभेला ठेवतात त्या माशांचं ते खाद्य. खालच्या रस्त्याला टाकीवाल्याच्या सिमेंटच्या चाळीसेक टाक्या होत्या. त्यांत सोनेरी, पांढरे, तांबड्या ठिपक्यांचे मासे वाढायचे आणि हवा भरलेल्या पिशव्यांतून लांबलांबच्या दुकानांत जायचे. घरच्या चार पोत्यांतली तीन एकटा टाकीवाला उचलायचा. शोभेचा मासा म्हणजे लाडावलेलं पोर. भूक लागलेली असली तरी न आवडलेला दाणा तोंडात घेईल, दोनदा चघळल्यासारखं करील आणि फुर्रकन थुंकून देईल. दाण्यात सोयाबीनची पेंड आणि गव्हाचं पीठ असतं, त्यावर मासा जगतो. पण त्याला दाण्यापाशी बोलावून आणतो तो वाळलेल्या बारीक कोळंबीचा भुगा. शंभरात बारा भाग भुगा चांगला पडला, की बाकीचे अठ्ठ्याऐंशी भाग मासा मुकाट गिळतो. आबा पोत्यातून ते बारा भाग शोधायचे.

भुगा करणं सुनेकडे होतं. कोळंबी निवडायची, मंद आचेवर भाजायची, चक्कीत दळायची आणि वस्त्रगाळ करायची. त्या वासाने तिचे केस, तिचा पदर, तिची उशी भरलेली असायची. नळावर बायका तिला पुढे जाऊ द्यायच्या, आणि ते काही मानाने नव्हे. सुरुवातीला तिला रडू यायचं. पुढे पुढे तिने त्याचा फायदा करून घेतला आणि रांगेत कधी उभीच राहिली नाही.

त्या वर्षी मात्र ढग हटेनात. पाऊस म्हणावा तर पडत नव्हता, ऊन म्हणावं तर येत नव्हतं. तीन आठवडे झाले, दोरीवरचे कपडे दमट, मिठाला पाणी सुटलेलं, दारं फुगून चौकटीत अडकलेली. कोळंबीवाली टोपली घेऊन आली ती हिरमुसूनच. किनाऱ्यावर पसरलेला माल सुकता सुकत नाही, म्हणाली. घ्यायचं तर घ्या, याच्याहून सुकी कोळंबी आता देवाच्या घरीही मिळायची नाही.

सुनेने मूठभर उचलून नाकाशी नेली. वास बरा नव्हता. कुबट म्हणावा असा, आणि त्याच्या मागून जुन्या तेलासारखा खवट. तिने कपाळाला आठी घातली, पण माल घेतला, कारण दुसरा नव्हताच. दुप्पट वेळ भाजला. दळताना पुन्हा तोच वास आला. पोतं भरलं त्या दिवशी ती मुद्दाम दाराशी येऊन उभी राहिली, कारण आबा 'थांबा' म्हणणार याची तिला खात्री होती.

आबांनी चूळ भरली, चिमूट घेतली, डोळे मिटले. आणि म्हणाले, "शिवा."

तेव्हा तिला वाटलं, आपलं नाक चुकलं असेल. पंचवीस वर्षांच्या जिभेपुढे आपल्या नाकाची काय किंमत. तिने दाभण आणि सुतळी आणून नवऱ्याच्या हातात दिली.

सोमवारी गेलेलं पोतं गुरुवारी परत आलं. टाकीवाल्याच्या माणसाने ते ओट्यावर नाही ठेवलं, अंगणाच्या मधोमध टाकलं आणि मालकांनी बोलावलंय एवढंच सांगून तो वळला. शेजारची दोन घरं दारात आली होती. पोतं परत आलेलं त्या अंगणाने कधी पाहिलंच नव्हतं.

नवरा आधी बायकोवर उखडला. भुगा नीट भाजला नसशील, भिंतीला टेकवून ठेवला असशील, ओल लागली असेल. तो वाईट माणूस नव्हता. दिवसभर साच्याचा दांडा ओढून त्याचा उजवा खांदा कायमचा वर चढलेला होता आणि दुखायला लागला की त्याचं तोंड सुटायचं. तिने ऐकून घेतलं. आपल्याला वास आला होता आणि आपण बोललो नाही, हे तिच्या मनात टोचत होतं.

आबा म्हणाले, मी स्वतः जातो. पोरासोरांचं काम नाही हे. लेक पन्नाशीला टेकला होता, तरी पोरासोरांत जमा झाला. सून पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या मागून निघाली, कारण महिन्याभरापूर्वीच्या तापातून उठल्यापासून आबांचे पाय काठी टेकूनही लटपटत होते.

टाकीवाल्याने बसा म्हटलं नाही. हातात दाणे घेऊन तो त्यांना पहिल्या टाकीपाशी घेऊन गेला. चांगल्या तळहाताएवढे गुबगुबीत मासे सावली पडताच वर आले. त्याने चिमूट टाकली. पाण्याला उकळी फुटल्यासारखं झालं, सगळ्या तोंडांनी दाणे ओढले आणि लगेच एकेक दाणा बाहेर यायला लागला. मासे वळून खाली गेले. एक पांढरा मासा मात्र आशेने तोच दाणा तीनदा तोंडात घेऊन तीनदा थुंकला. मग तोही गेला. दाणे फुगून तळाला बसले, तिथे आधीचा चार दिवसांचा राडा साचलेलाच होता.

"बघा," टाकीवाला म्हणाला. "दुकानवाले महिनाअखेरीला माल उचलणार आहेत आणि माझे मासे उपाशी आहेत. रंग उतरायला लागलाय त्यांचा."

आबांनी त्याच्या मुठीतले दाणे घेतले, जिभेवर ठेवले आणि डोळे मिटले. टाकीवाल्याची आई तिकडे पाणी भरत होती, तिने एवढ्या लांबूनही नाकाला पदर लावला होता. सुनेला तो खवटपणा घशात जाणवत होता. चार दिवस दमट हवेत राहून तो चांगलाच वाढला होता, आंधळ्यालाही कळला असता.

"माल बरोबर आहे," आबा म्हणाले. "तुझ्या पाण्यात काहीतरी आहे."

टाकीवाल्याने आबांकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली. तो रागावला असता तर बरं झालं असतं, पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. आठ दिवस देतो, म्हणाला. नवं पोतं आणा. ते इथेच उघडायचं, आबांनी इथेच चाखायचं, आणि मासे काय करतात ते सगळ्यांनी बघायचं. नाही जमलं तर मी डबाबंद खाद्य मागवतो, मग पुन्हा माझ्याकडे यायचं कारण नाही.

परत येताना आबा पाण्याच्या दोषांबद्दल बोलत होते आणि सून हूं हूं करत होती. पण तिचं डोकं भलतीकडेच होतं. तिला जेवणं आठवत होती. आबांनी तिच्या हातचं जेवण आजवर कधी मुकाट्याने खाल्लं नव्हतं. मीठ कमी, तेल जास्त, भाजी करपली, भात चिकट. लग्नाला बावीस वर्षं झाली, म्हणजे किती जेवणं झाली ते देवच जाणे, आणि प्रत्येकाला शेरा होता. ताप उतरल्यापासून मात्र एक शब्द नाही. तिने आनंदाने धाकट्या बहिणीला फोन करून सांगितलंही होतं, की सासरे आजारपणाने सुधारले गं. आता तिला वाटायला लागलं, ते सुधारणं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी तिने एक न शोभणारं काम केलं. त्या दिवशी दूध नासलं होतं. एरवी ते तिने ओतून दिलं असतं. तिने ते गाळलं, साखर न घालता कपात ओतलं आणि आबांना नेऊन दिलं. आबा कप संपेपर्यंत तिच्याशी ढगांबद्दल बोलत होते. ती समोर खाली बसली होती आणि आपण हे काय करतोय असं तिला झालं होतं. लेकरावर पाळत ठेवावी तशी ती म्हाताऱ्यावर ठेवत होती.

आबांनी कप खाली ठेवला. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"दूध नासलेलं होतं का?" त्यांनी विचारलं.

तिने रिकामा कप उचलून घेतला.

"तुझ्या तोंडाकडे बघून कळलं," आबा म्हणाले. "जिभेला काही कळलं नाही, नाकालाही नाही. ताप आल्यापासून सगळं ओल्या कागदासारखं लागतं. वाटलं, येईल परत. रोज सकाळी उठून आधी मिठाचा खडा तोंडात टाकतो. खडा टोचतो, बाकी काही नाही."

"मग त्या दिवशी 'शिवा' का म्हणालात?"

"काय म्हणू मग? दर वेळी 'थांबा' म्हणू?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "अगं, मी पोतं उचलत नाही, दांडा ओढत नाही, हिशेब मला जमत नाही. ह्या घरात मी एवढंच एक काम करतो. ते गेलं तर मी नुसता जेवायला उरलो."

तिला भरून आलं. ज्या माणसाच्या शेऱ्यांनी तिची निम्मी जवानी चिडचिडीत गेली होती, त्याच्यासाठी आपला जीव एवढा तुटेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. आबा हळूच म्हणाले, त्याला सांगू नकोस. त्याला म्हणजे लेकाला. कुणालाच सांगू नकोस. तिने मान हलवली. नुसत्या मान हलवण्याने भागलं नाही, आबांनी तिच्याकडून तोंडाने वदवून घेतलं. नाही सांगणार, ती म्हणाली.

आता सात दिवस उरले होते आणि चांगली कोळंबी कुठेच नव्हती. सून मासळीबाजारात गेली. तिथे मासे कापणाऱ्या बायका कोळंबीची डोकी आणि सालं एका पिंपात टाकायच्या, संध्याकाळी ती खड्ड्यात जायची. सुकलेली नाही तर ताजी, आणि अंग नाही तर डोकं, असा तिने विचार केला होता. खरी चव डोक्यातच असते हे तिला ठाऊक होतं, कारण घरचं मांजर आधी डोकंच पळवायचं. कापणारीने दोन बादल्या भरून दिल्या आणि विचारलं, वहिनी, घरी मांजरांची पंगत आहे का. हो, सून म्हणाली, चाळीस टाक्या मांजरं आहेत.

डोकी धुताना काटे बोटांत घुसत होते आणि नंतर मिठाच्या पाण्यात तीच बोटं आग आग व्हायची. तिने डोकी मोठ्या पातेल्यात शिजवली, फडक्यात घालून पिळली, आणि उतरलेलं नारिंगी पाणी मंद आचेवर आटवत बसली. तीन तासांनी काकवीसारखा दाट, तपकिरी अर्क राहिला. दोन बादल्यांचा जेमतेम एक तांब्या. धुराने डोळे सुजले, घामाने पाठ भिजली, आणि शेजारणीने खिडकी लावून घेतली. नवऱ्याने पेंड आणि पिठाचे दाणे नेहमीसारखे साच्यातून काढून दिले. ऊन नव्हतं म्हणून जाळीच्या चौकटी चुलीवर टांगून वाळवले. वाळलेल्या दाण्यांवर तिने अर्क शिंपडला, हातांनी वरखाली केलं आणि पुन्हा वाळवले. दाण्यांना तूप लावल्यासारखी चकाकी आली.

घरामागच्या हौदात टाकीवाल्याने टाकून दिलेले दोन मासे होते, एकाला एका बाजूचा कल्ला नव्हता आणि दुसऱ्याची पाठ वाकडी. तिने चिमूट टाकली. दोघांनी दाणे गिळले आणि अजून मागत वर आले. तिला नाचावंसं वाटलं. पण तासाभराने हौदाचं पाणी दुधासारखं झालं आणि वाकड्या पाठीचा मासा वर येऊन हवा गिळायला लागला. अर्क जास्त झाला होता. दुसऱ्या खेपेला निम्मा घातला, तर दोघांनी दाणे थुंकले.

आबा ओट्यावरून सगळं बघत होते. "आता हौदातले लंगडेलुळे पंच झाले वाटतं," ते म्हणाले. पण मग स्वतःच उठून मागे आले, उलट्या बादलीवर बसले आणि म्हणाले, "चूळ भर."

"मी?"

"मग काय मी? जीभ तुझ्याकडे आहे."

तिने दाणे तोंडात टाकले आणि तशीच उठून न्हाणीकडे पळाली. ओकून आली, तोंड धुतलं, परत बसली. बावीस वर्षं ती ह्या वासात राहत होती, पण तो तोंडात घ्यायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. आबा शांतपणे थांबले होते. दुसऱ्या खेपेला तिने दाणे धरून ठेवले.

"आधी काय लागतं?"

"खारट."

"कुठे? टोकाला की कडेला?"

तिला जिभेला कडा असतात हेच त्या दिवशी कळलं. "कडेला," ती म्हणाली.

"मग ठीक आहे. टोकाला लागलं असतं तर मीठ वरवरचं. आता थांब. गिळू नको. मागे काय येतं?"

"काहीच नाही. पिठासारखं."

"म्हणजे अर्क कमी आहे. घाल अजून चमचाभर."

तीन दिवस असंच चाललं. दुपारी नवरा साच्यावर असायचा, तेव्हा हे दोघं मागे. आबांकडे शब्द होते आणि तिच्याकडे जीभ. ती सांगायची, आबा अर्थ लावायचे. कडवट लागलं तर अर्क करपला. घसा धरला तर तेल खवटलं. जिभेच्या मुळाशी गोडसर आलं, तर आलो जवळ. तिला आश्चर्य वाटायचं, की एवढं सगळं ह्या माणसाच्या तोंडात होतं आणि आपल्याला वाटायचं नुसती खोट काढतोय. मुदतीच्या सहाव्या दिवशी तिने दाणे तोंडात घेतले आणि थुंकायचं सोडून तशीच चघळत राहिली.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"सांगायला लाज वाटते."

"सांग."

"गिळावंसं वाटतंय."

आबा हसले. आजारपणानंतर ते पहिल्यांदाच हसत होते. माशालाही तेच वाटतं, म्हणाले, जा, टाक हौदात. कल्ला नसलेल्या माशाने दाणा घेतला आणि गिळला. वाकड्या पाठीच्याने तीन गिळले. संध्याकाळपर्यंत पाणी नितळ होतं. त्या सबंध आठवड्यात ती एवढी सुखावली नव्हती. पण आबा पुन्हा गप्प झाले होते, कारण आता दोन दिवसांनी टाकीवाल्याच्या अंगणात ते दाणे त्यांना स्वतःच्या जिभेवर ठेवायचे होते. तिने त्यांची समजूत घातली. माल चांगला आहे हे आपल्या दोघांना माहीत आहे. तुम्ही डोळे मिटायचे, 'शिवा' म्हणायचं आणि घरी यायचं.

ठरल्या दिवशी तिघंही गेले. नवऱ्याने पोतं डाव्या खांद्यावर घेतलं होतं. ह्या वेळी टाकीवाल्याने आबांना खुर्ची दिली, चूळ भरायला पाणी दिलं. त्याची आई, दोन गडी आणि शेजारचा आणखी एक टाकीवाला बघायला जमले होते. पोतं जरा आत कोरड्यात ठेवतो म्हणून त्याने ते उचलून नेलं आणि एका वाडग्यात दाणे घेऊन बाहेर आला.

"घ्या आबा. तळातले काढून आणलेत."

आबांनी बोटं घातली, चिमूट उचलली. सून तीन हातांवर उभी होती. तिची नजर वाडग्यावर गेली. दाण्यांना चकाकी नव्हती. ते मेलेले, राखाडी दाणे होते. परत आलेल्या पोत्यातले चार मुठी दाणे त्याने ठेवून घेतले असणार. आबांनी नुसतं पाहिलं असतं तरी त्यांच्या लक्षात आलं असतं. पण आबांनी जन्मात कधी दाण्याकडे डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. चिमूट वर आली की ती थेट जिभेवर जायची आणि डोळे मिटायचे.

दाणे जिभेवर गेले. टाकीवाला आबांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. त्या दिवशी त्याला आलेला संशय त्याने आठ दिवस मनात ठेवला होता. आता आबा 'शिवा' म्हणाले, की तो वाडगा सगळ्यांच्या नाकाखाली फिरणार, हे तिला स्पष्ट दिसलं. मग पोत्यात सोनं भरून आणलं तरी ते कोणी घेणार नव्हतं. आणि ती बोलली, तर तिने दिलेला शब्द जाणार होता, आणि त्याबरोबर आबाही.

आबांचे ओठ हलले.

"थांबा," ती म्हणाली.

आबांनी डोळे उघडले. तो शब्द त्या घरात दुसरं कोणी उच्चारत नसे. ती पुढे आली, लहान मुलापुढे धरावी तशी तिने त्यांच्या हनुवटीखाली ओंजळ धरली आणि हळू आवाजात म्हणाली, "थुंका, आबा." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, विनवणी होती, आणि मग काहीच नव्हतं. त्यांनी तिच्या हातावर दाणे टाकले.

तिने हात पदराला पुसले, चूळ भरली आणि सगळ्यांसमोर वाडग्यातली चिमूट तोंडात घेतली. घसा धरला. ती वळून थुंकली.

"हे आमचं आजचं नाही," ती टाकीवाल्याला म्हणाली. "हे गेल्या वेळचं आहे. तेल खवटलंय. आमच्या पोत्यातलं आणा."

टाकीवाला शरमला असावा, कारण वाडगा त्याने स्वतःच गटारात रिकामा केला. मग पोतं बाहेर आलं. तिने तळात हात घातला, चाखलं, आणि दाणे टाकीत सोडले. मासे वर आले. चुळुक चुळुक असा आवाज झाला आणि पाण्यावर एक दाणा उरला नाही. तो पांढरा मासा सगळ्यांच्या पाठीवरून पुढे घुसला आणि टाकीच्या कडेला तोंड लावून उघडझाप करत राहिला.

पोतं राहू दे, टाकीवाला म्हणाला. दर पंधरवड्याला तीन पाठवा. आणि मग अगदी मऊ आवाजात, आदराने म्हणाला, "पुढच्या वेळेपासून वहिनींनाच घेऊन येत जा. आबांना एवढं लांब कशाला दमवायचं?"

घरी येताना आबा पुढे चालत होते. काठी न टेकता, झपाझप. नवऱ्याने तिला विचारलं, कधीपासून. तापापासून, ती म्हणाली. तो दुखरा खांदा चोळत चालत राहिला. मग म्हणाला, आणि मी तुला ओल लागली म्हणून बोललो. तिला त्याच्या बोलण्याचं बरं वाटलं, पण तिचे डोळे पुढच्या पाठीवर होते.

आबा ओट्यावर बसले नाहीत. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. ताट ठेवलं की जेवायचे, उचललं की हात धुवायचे. तिने एकदा जवळ बसून सांगायचा प्रयत्न केला, की मी शब्द मोडला खरा, पण माझ्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. आबांनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. ती मोरीत जाऊन भांडी घासता घासता रडली. पोतं वाचलं होतं, काम वाचलं होतं, आणि तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ढगांतून थोडंसं ऊन पडलं. नवऱ्याने घाईघाईने चौकटी अंगणात काढल्या. मग तिघं जेवायला बसले. तिला जेवणाबरोबर कच्ची मिरची लागायची, ती तिने ताटाच्या कडेला ठेवली होती. आबांनी भाजीचा पहिला घास घेतला, चावला, आणि ताटाकडे बघत म्हणाले,

"भाजीत मीठ कमी आहे."

नवऱ्याने मान वर केली. भाजीत मीठ बरोबर होतं, त्याने नुकतीच खाल्ली होती. तो काही बोलणार तेवढ्यात तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने घास तोंडात कोंबला. ती उठली. मिठाचा डबा आणताना तिला हसू आणि रडू एकदमच येत होतं. तिने आबांच्या भाजीवर चिमूटभर मीठ घातलं. आबांनी ते कालवलं, घास घेतला आणि चावत राहिले.

"आता बरोबर," ते म्हणाले.

ती खाली बसली. आबांचं लक्ष तिच्या ताटाकडे गेलं.

"ती मिरची ठेव बाजूला. उद्या पोतं शिवायचंय."

तिने मिरची उचलून नवऱ्याच्या ताटात टाकली आणि जेवायला लागली.